युरोप: १५ रात्री, ८ हॉटेलं... कुठे किती मुक्काम करावा?

सदाफुली

नमस्कार मंडळी. जूनमध्ये युरोपला जायचं नक्की झालंय. आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, ११ वर्षांची मुलगी आणि सासूबाई (वय ६८, चालतात व्यवस्थित पण जिने फार झाले की गुडघे दुखतात). ग्रुप टूर नको यावर घरात सगळ्यांचं एकमत आहे त्यामुळे सगळं स्वतःच ठरवतोय. विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत, व्हिसाची अपॉइंटमेंटही घ्यायची आहे, म्हणजे अजून काहीही बदलता येईल. आत्ताचा कच्चा प्लॅन असा:

अ‍ॅमस्टरडॅम २ रात्री, ब्रसेल्स १, पॅरिस ३, ल्युसर्न २, इंटरलाकेन २ (ही दोन्ही स्वित्झर्लंडची), व्हेनिस १, फ्लोरेन्स १, रोम ३. एकूण १५.

प्रत्येक नावामागे कोणीतरी आहे. सासूबाईंना फुलांचं वेड आहे, म्हणून ट्यूलिपसाठी अ‍ॅमस्टरडॅम, आणि त्यांना रोममधल्या व्हॅटिकनचं सेंट पीटर्स चर्चही बघायचंय. मुलीला आयफेल टॉवर. नवऱ्याला बर्फ, म्हणजे स्वित्झर्लंडचा युंगफ्राउ डोंगर. आणि मला चित्रं. पॅरिसची लूव्र आणि ओर्से म्युझियमं, फ्लोरेन्सचं उफिझी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा, हे मी कॉलेजात असल्यापासून मनात धरून बसलेय. ब्रसेल्स वाटेत येतं म्हणून घातलंय.

आता प्रश्न असा की कुठे किती दिवस पुरतात हे ठरवायचं कसं? एकजण लिहितो पॅरिसला दोन दिवस खूप झाले, दुसरा म्हणतो पाचसुद्धा कमी पडतात. स्वित्झर्लंडचंही तेच. कुठून एक दिवस काढावा आणि कुठे घालावा हेच समजेना. प्लीज, जाऊन आलेल्यांनी सांगा.

खिडकीची_जागा

ताई, आधी रात्री मोजायचं सोडा आणि पूर्ण दिवस मोजा. पूर्ण दिवस म्हणजे ज्या हॉटेलात सकाळी उठलात त्याच हॉटेलात रात्री झोपणार, बॅगेला हात लावायचा नाही. दोन रात्री म्हणजे एक पूर्ण दिवस, तीन रात्री म्हणजे दोन, आणि एक रात्र म्हणजे शून्य. हे तुमच्या प्लॅनला लावलं तर अ‍ॅमस्टरडॅम १, ब्रसेल्स ०, पॅरिस २, ल्युसर्न १, इंटरलाकेन १, व्हेनिस ०, फ्लोरेन्स ०, रोम २. झाले ७. पंधरा रात्रींचे पैसे भरून हातात सात दिवस येतायत, बाकीचे सगळे बॅगा भरणे, चेक-आउट, स्टेशन, चेक-इन यात वाटले गेलेत. आणि बघा, ज्या फ्लोरेन्ससाठी तुम्ही इतकी वर्षं थांबलात त्याच्या वाट्याला शून्य आलाय.

गाडीचा वेळ बघून फसायला होतं. फ्लोरेन्स ते रोम हायस्पीड ट्रेन दीड तासाची, म्हणून वाटतं की हे काय, डोळे मिटून उघडेपर्यंत पोचू. पण सकाळी आवरून बॅगा भरायच्या, ११ च्या आत खोली सोडायची, चौघांनी सामान ओढत स्टेशनवर जायचं, बोर्डावर प्लॅटफॉर्म लागेपर्यंत उभं राहायचं, दीड तास गाडी, मग रोमा टेर्मिनीला उतरून हॉटेल शोधायचं आणि तिथे खोली बहुतेक वेळा ३ वाजल्याशिवाय मिळत नाही. दारापासून दारापर्यंत चार तास धरा. पॅरिस ते ल्युसर्न तर गार द लियों स्टेशनवरून बासेलपर्यंत तीन तास, तिथे गाडी बदलून पुढे एक तास, म्हणजे सकाळी ९ ला निघालात तरी दुपार गेलीच. सासूबाई आणि मुलगी बरोबर असताना त्यानंतर संध्याकाळी नदीकाठी थोडं चालणं होतं, तेवढंच.

म्हणून माझा साधा हिशोब आहे. हॉटेल बदललं की अर्धा दिवस गेला, देश बदलला की जवळजवळ पूर्ण दिवस गेला असं धरायचं. आठ हॉटेलांची पाच केलीत तर वाचलेल्या दिवसांत तुम्हाला आख्खं फ्लोरेन्स बघता येईल. ब्रसेल्स आधी काढा. ल्युसर्न आणि इंटरलाकेनपैकी एकच ठेवा, एकावरून दुसरीकडे दोन तासांची सुंदर गाडी आहे ब्रुनिग घाटातून, दिवसात जाऊन येता येतं.

पानगळ

वरच्या पोस्टशी सहमत. पण सदाफुली, त्याआधी एक महत्त्वाचं. जूनमध्ये ट्यूलिप नसतात! कॉइकेनहॉफ बाग मार्चच्या उत्तरार्धात उघडते आणि मेच्या मध्याच्या सुमारास बंद होते, बाहेरची शेतं तर त्याच्याही आधी कापलेली असतात. अ‍ॅमस्टरडॅम शहर म्हणून छान आहेच, व्हॅन गॉग म्युझियम आहे, कालवे आहेत, अॅन फ्रँकचं घर आहे (त्याची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवडे पुढच्या तारखांची सुटतात आणि लगेच संपतात). पण तुम्ही ते घातलंय सासूबाईंच्या फुलांसाठी आणि फुलं तिथे नसणार. मग दोन रात्री आणि पुढचा पॅरिसचा सव्वातीन तासांचा प्रवास कशासाठी?

फुलंच हवीत तर जिवर्नी करा. चित्रकार मोने जिथे राहायचा ते घर आणि त्याची बाग, वॉटर लिलीचं तळं आणि तो हिरवा जपानी पूल, सगळं तिथेच आहे. पॅरिसच्या सें-लाझार स्टेशनवरून व्हेर्नोंपर्यंत साधारण पाऊण-एक तास गाडी आणि पुढे शटल बस. १ एप्रिल ते १ नोव्हेंबर रोज उघडी असते. जूनमध्ये गुलाब भरात असतात, दाराच्या कमानींवरून खाली आलेले असतात, वाटेच्या दोन्ही बाजूंना आयरिस आणि पॉपी, आणि मधे इतकी अरुंद वाट की फुलं हाताला लागतात. सासूबाईंना बाग, तुम्हाला मोने, एकाच दिवसात दोघींचं काम. अर्धा दिवस पुरतो. बाग जवळजवळ सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही.

म्हणजे सुरुवातच पॅरिसपासून करा. विमान पॅरिसला उतरणारं आणि परतीचं रोमवरून. बुकिंग करताना मल्टी-सिटी म्हणून पर्याय असतो, भाडं बऱ्याचदा जाऊन-येऊन तिकिटाच्या आसपासच असतं. मागे वळायचा दिवस वाचतो.

वाटसरू_७

मला थोडं वेगळं म्हणायचंय. इथे सगळे निवांत फिरा, कमी बघा असं सांगतात आणि ते वर्षाआड जाणाऱ्यांना ठीक आहे. पण ताईंसारखं कुटुंब एवढा खर्च करून, व्हिसाचे कागद जमवून, आजींना घेऊन जातंय, पुन्हा कधी जमेल सांगता येत नाही. त्यांना चार जागा जास्त बघाव्याशा वाटल्या तर त्यात चुकीचं काय? एका शहरात पाच दिवस राहून तिसऱ्या दिवशी मुलगी कंटाळली तर तेही दिवस वायाच की.

माझं म्हणणं एवढंच की जागा कमी करू नका, बिछाने कमी करा. मुक्काम थोड्या ठिकाणी आणि तिथून दिवसाच्या सहली. फ्लोरेन्सला राहून पिसा एका तासावर, सिएना बसने सव्वा तासाच्या आसपास. व्हेनिसवरून बुरानो बेट बोटीने पाऊण तास. आणि वाटेत उतरणं हाही एक प्रकार आहे. इंटरलाकेनवरून व्हेनिसला जाताना मिलानला गाडी बदलावीच लागते, तर मधे तीन तास ठेवा, सामान मिलानो चेंत्राले स्टेशनवरच्या लगेज काउंटरला द्या, मेट्रोच्या ३ नंबरच्या पिवळ्या लाइनने थेट दुओमोसमोर (तिथलं मुख्य चर्च) वर यायचं, बघायचं, बाजूच्या गॅलेरियातून (छताखालचा जुना बाजार) चक्कर, परत. मिलान बघून झालं आणि एकही रात्र खर्च झाली नाही. फक्त मिलान-व्हेनिसचं स्वस्त तिकीट काढलं असेल तर ते त्याच ठरावीक गाडीला चालतं, चुकली की गेलं, त्यामुळे वेळ सढळ ठेवा.

आणि पॅरिसला जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो हे कोणी सांगतच नाही. जूनचा एक दिवस म्हणजे डिसेंबरचे दोन आहेत, डिसेंबरात पाच वाजताच अंधार होतो. मुक्काम किती हे महिन्यावरपण आहे.

खिडकीची_जागा

वाटसरू, मिलानचं पटलं. पण आजी बरोबर असताना त्याच दिवशी इंटरलाकेन ते व्हेनिस हा सहा-साडेसहा तासांचा प्रवास आहे, त्यात मधे तीन तास उन्हात दुओमो म्हणजे व्हेनिसला पोचेपर्यंत रात्र. मी असतो तर तिथे नुसती गाडी बदलली असती.

उजेडाचं मात्र अगदी खरं, आणि त्याचा फायदा दुपारी झोप काढायला करा. सकाळी एक मोठी गोष्ट, दुपारी हॉटेल, पाचनंतर परत बाहेर. चार तासांचं फिरणं उरतं.

डोंगरवेडा

स्वित्झर्लंडबद्दल लिहितो कारण बाकी शहरांचा हिशोब तिथे लागू पडत नाही. शहरात पाऊस आला तर म्युझियममध्ये जाता येतं. डोंगरात ढग आले की संपलं.

युंगफ्राउयोख, म्हणजे युंगफ्राउजवळची जिथपर्यंत गाडी जाते ती खिंड, ३४५४ मीटरवर आहे, माणशी भाडं पूर्ण दराने २०० फ्रँकच्या वर. एवढे पैसे देऊन वर गेलात आणि खिडकीबाहेर नुसतं पांढरं असेल तर काय उपयोग. आणि तुमच्या प्लॅनमध्ये इंटरलाकेनला पूर्ण दिवस एकच, म्हणजे तो दिवस जसा निघेल तसा स्वीकारायचा. डोंगरात किमान तीन पूर्ण दिवस हवेत, तीनही दिवस बघण्यासारखं आहे म्हणून नव्हे (ते आहेच), तर तीनात एक तरी स्वच्छ मिळावा म्हणून. त्या एका दिवसाचं तिकीट आधी काढून ठेवायचं नाही. आदल्या रात्री हवामान बघायचं, सकाळी उठून वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघायचं, ते वेबसाइटवर असतं आणि स्टेशनवर पडद्यांवरही दिसतं. खाली गावात धुकं असून वर लखलखीत ऊन असतं असंही होतं आणि नेमकं उलटंही, त्यामुळे खिडकीतून आकाश बघून ठरवू नका, कॅमेरा बघा. स्वच्छ दिसलं की लगेच निघायचं. इंटरलाकेन ओस्टवरून ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल अर्धा तास, तिथून आयगर एक्सप्रेस गोंडोला १५ मिनिटांत आयगरग्लेचरला नेते, पुढे बोगद्यातली दातेरी रुळांची गाडी. ती रेल्वे १९१२ सालची आहे, बोगद्यातून वर जाताना त्याचा विचार नक्की करा. आजींना वर गेल्यावर सावकाश चालू द्या, हवा विरळ असते, पाणी प्यायचं, पळापळ नाही. काही हृदयाचा वगैरे त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

बाकीच्या दोन दिवसांत लाउटरब्रुनेनची दरी (श्टाउबबाखचा धबधबा गावातूनच दिसतो, जवळजवळ ३०० मीटर), व्हेंगेन, ब्रिएंझ तलावातली बोट. आजींना फुलं आवडतात ना? इंटरलाकेनशेजारच्या विल्डर्सविलवरून शिनिगे प्लाटेला जुनी दातेरी रेल्वे जाते, वर आल्पाइन फुलांची बाग आहे आणि समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ तिघं ओळीत उभे. ती रेल्वे हंगामीच चालते त्यामुळे चालू झाल्याची तारीख आधी बघा.

पासचंही मुक्कामाशीच नातं आहे. स्विस ट्रॅव्हल पास (गाड्या, बस, बोटी एकाच तिकिटावर) सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो, ५ चा नसतो. तर तुमचे दिवस ४ त बसतायत का बघा. युंगफ्राउच्या वरच्या टप्प्यावर मात्र पासने फक्त २५ टक्के सूट आहे. मुलगी ११ ची म्हणजे आईवडिलांबरोबर स्विस फॅमिली कार्डवर तिचा प्रवास फुकट, मागून घ्या.

सदाफुली

बापरे, केवढी माहिती! खूप खूप धन्यवाद. ट्यूलिपचं सासूबाईंना सांगितलं, त्या दोन मिनिटं गप्प बसल्या आणि मग जिवर्नीचे फोटो बघून म्हणाल्या चालेल. अ‍ॅमस्टरडॅम आणि ब्रसेल्स दोन्ही काढलं, ल्युसर्नही काढलं. म्हणजे पाच रात्री मोकळ्या झाल्या. आता त्या कशा वाटू? नवरा म्हणतो दोन स्वित्झर्लंडला. मला फ्लोरेन्सला निदान एक हवीच. व्हेनिसला एक रात्र ठेवावी की सरळ दिवसात बघून पुढे जावं? तिथे फार गर्दी असते आणि महाग आहे असं ऐकते.

पानगळ

व्हेनिसला रात्र ठेवाच. दिवसा १० ते ५ सान मार्कोच्या चौकात उभं राहायला जागा नसते, सगळे दिवसाच्या सहलीला आलेले. संध्याकाळी ते निघून गेले की तेच शहर वेगळं होतं, गल्लीत तुमच्या स्वतःच्या पावलांचा आवाज येतो. सकाळी सातला तर भाजीची आणि सामानाची बोट येऊन लागते, माणसं हातगाड्यांवर खोकी चढवतायत, दुकानदार शटर वर करतोय, हे बघायला मिळतं. दिवसात बघून जाणाऱ्याला नेमका गर्दीचा तुकडा मिळतो. शिवाय एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवसांना फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घेतात, मुक्कामी असलेल्यांना ते माफ आहे, फक्त त्या माफीची नोंद त्यांच्या साइटवर करून क्यूआर कोड घ्यायचा.

स्वस्त म्हणून बरेच जण मेस्त्रेला राहतात, गाडीने दहा-बारा मिनिटांवर आहे. पण मग संध्याकाळ आणि सकाळ दोन्ही हातची जाते, म्हणजे ज्यासाठी राहायचं तेच गेलं. आणि सासूबाईंसाठी सांगते, व्हेनिसच्या जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत, चाकांची बॅग असली तरी उचलावीच लागते. हॉटेल निवडताना सांता लुचिया स्टेशनपासून किंवा वापोरेत्तोच्या (तिथली बससारखी बोट) थांब्यापासून मधे एकही पूल न लागता जाता येतं का हे नकाशात बघा, हॉटेलवाल्यांना मेल करून विचारा. लिफ्ट आहे का तेही, जुन्या इमारतींत नसते. फिरताना २४ तासांचा वापोरेत्तो पास काढा आणि १ नंबरची बोट पकडून ग्रँड कॅनालमधून सान मार्कोपर्यंत जा, पाऊण तास बसून सगळे राजवाडे दिसतात.

दोन रात्री ठेवा.

उंबरठा

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. रात्री कशा वाटता यावर व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा हे ठरतं. शेंगेनचा (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) नियम असा की ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा, आणि दोन देशांत सारखेच दिवस असतील तर ज्या देशात पहिल्यांदा प्रवेश करणार त्याच्याकडे. तुमच्या जुन्या प्लॅनमध्ये फ्रान्स ३, स्वित्झर्लंड ४, इटली ५, म्हणजे इटली एका रात्रीने पुढे. स्वित्झर्लंडला एक वाढवली असती तर बरोबरी झाली असती आणि त्यात तुमचा पहिला प्रवेश नेदरलँड्समधून, म्हणजे उगाच गोंधळ. हे असं काठावर ठेवू नका. जिथे अर्ज करणार तिथे स्पष्टपणे जास्त रात्री दिसल्या पाहिजेत, हॉटेलची बुकिंगंही त्याला जुळली पाहिजेत.

म्हणून क्रम असा ठेवा, आधी मुक्काम पक्के करा, मग त्याप्रमाणे अपॉइंटमेंट. तोपर्यंत हॉटेलं फुकट रद्द करता येतील अशीच घ्या. परत न मिळणारी ट्रेनची तिकिटं व्हिसा हातात आल्यावर. अपॉइंटमेंट मिळायला जूनच्या आधी फार वेळ लागतो त्यामुळे हे ठरवण्यात आता आठवडे घालवू नका, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो.

आणि लंडन कोणी सुचवलं तर लक्षात ठेवा, त्याला वेगळा व्हिसा लागतो.

सदाफुली

उंबरठा, हे मला अजिबात माहीत नव्हतं, फार मोलाचं सांगितलंत. काल रात्री आम्ही चौघं बसलो आणि असं ठरलं:

पॅरिस ४ रात्री, इंटरलाकेन (खरं तर विल्डर्सविल) ४, व्हेनिस २, फ्लोरेन्स २, रोम ३. एकूण १५च. पाच हॉटेलं. पूर्ण दिवस मोजले, ३ + ३ + १ + १ + २ = १०. आधी सात होते! इटली ७ रात्री, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड ४-४, म्हणजे व्हिसा इटलीचा. शुक्रवार १२ जूनला दुपारी पॅरिसला उतरायचं, शनिवार २७ ला सकाळी रोमवरून विमान.

वार लावून कोणी तपासून देईल का? कुठलं म्युझियम कधी बंद असतं यात माझा गोंधळ होतोय.

खिडकीची_जागा

मस्त झालाय. वार लावूया.

पॅरिसचे पूर्ण दिवस शनिवार, रविवार, सोमवार. लूव्र मंगळवारी बंद, तुमचा मंगळवार प्रवासाचा, प्रश्न नाही. ओर्से आणि व्हर्सायचा राजवाडा दोन्ही सोमवारी बंद, म्हणून सोमवारी जिवर्नी टाका, ते रोज उघडं असतं. शनिवारी सकाळी लूव्र, रविवारी ओर्से. आयफेलची लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी ऑनलाइन सुटतात, मुलीसाठी त्या दिवशी गजर लावून बसा. शनिवारी संध्याकाळी उशिराची वेळ मिळाली तर उजेडात वर जाऊन अंधारात खाली याल. व्हर्साय या ट्रिपमध्ये बसत नाही, बसवायचा प्रयत्न करू नका. नोत्र दाम चर्च डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलंय, प्रवेश फुकट आहे, उतरल्याच्या संध्याकाळी जड काही न करता तेवढं करा. पहिल्या रात्री सगळ्यांना लवकर झोप येईल, साडेतीन तासांचा फरक आहे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच जाग येईल. त्याचा उपयोग लूव्रची पहिली वेळ घ्यायला करा.

मंगळवार १६ ते शुक्रवार १९ हे चार दिवस पासमध्ये बरोबर बसतात, बासेलपासून पुढचा मंगळवारचा प्रवासही त्यातच. शनिवारी सकाळचं सीमेपर्यंतचं तिकीट वेगळं.

सोमवारी २२ ला फ्लोरेन्सला पोचताय, आणि उफिझी आणि डेव्हिड असलेली अकादेमिया दोन्ही सोमवारी बंद असतात. पण तुमचा पूर्ण दिवस मंगळवार आहे, त्यामुळे नेमकं जमलंय. मंगळवारी सकाळी सव्वाआठला उफिझी, दुपारी आराम, मग अकादेमिया, दोन्हींची वेळेची तिकिटं आधी काढा. उफिझीला तीन-चार तास द्या, घाई नको, बाकीच्यांना तासाभरात बाहेर सोडा आणि तुम्ही आत राहा. घरातल्या चौघांनी सगळं एकत्रच बघायला हवं असं नाही.

रोमला बुधवारी पोचताय. बुधवारी सकाळी पोपची सभा असते तेव्हा सेंट पीटर्समध्ये जाता येत नाही, तुमचं ते आपोआप टळलं. व्हॅटिकन गुरुवारी. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे, मुलीचेही. कोलोसियम शुक्रवारी सकाळी.

वाटसरू_७

माझा स्वभाव जास्त बघण्याचा, म्हणून हे सांगतोच. २४ जूनला फ्लोरेन्समध्ये सान जोवान्नीचा सण असतो, गावाच्या रक्षक संताचा. दिवसा जुन्या पोशाखात मिरवणूक आणि रात्री दहाच्या सुमारास आर्नो नदीवर आतषबाजी, सगळं गाव काठावर. आणि तुम्ही नेमके २४ ला निघताय! एक रात्र वाढवता येत असेल तर बघा.

डोंगरवेडा

वाढवायची तर कुठून तरी काढावी लागेल. डोंगरातून काढली तर स्वच्छ दिवस मिळायची शक्यता कमी होते. रोममधून काढली तर रोमला एकच पूर्ण दिवस उरतो आणि त्यात व्हॅटिकन आणि कोलोसियम दोन्ही. आजींना ते झेपणार नाही. व्हेनिसची एक काढता येईल, पण मग शनिवारी सहा तास प्रवास करून रविवारी परत बॅगा.

सदाफुली

आतषबाजीचं वाचून मुलगी लगेच उड्या मारायला लागली. खूप चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या माझा रोमचा एक दिवस घ्या, मी व्हॅटिकन तेवढं बघेन. पण ते आम्हाला कोणालाच पटलं नाही, त्या एवढ्या लांब येतायत तर त्यांचे दोन दिवस त्यांचेच राहिले पाहिजेत. त्यामुळे २४ ला फ्लोरेन्समध्येच दिवस काढून मिरवणूक बघायची, सामान हॉटेलात ठेवायचं, आणि संध्याकाळच्या गाडीने रोम. आतषबाजी सोडली. मुलीला तिच्या बाबाने आयफेलच्या वरच्या मजल्याचं कबूल केलंय.

विल्डर्सविलचं आणि व्हेनिसचं हॉटेल काल रात्री घेतलं, दोन्ही रद्द करता येणारी. व्हेनिसवाल्यांचं मेलला उत्तरही आलं, स्टेशनपासून एकही पूल लागत नाही आणि लिफ्ट आहे. व्हिसाची अपॉइंटमेंट इटलीच्या केंद्रात मिळालीय. आता पॅरिसचं बघतेय, सें-लाझारच्या जवळ घ्यावं की गार द लियोंच्या? जिवर्नी एका बाजूला आणि मंगळवारची बासेलची गाडी दुसऱ्या बाजूला.

पानगळ

गार द लियोंच्या जवळ घ्या. जिवर्नीला हातात एक पिशवी घेऊन जाणार आहात, मंगळवारी चौघांच्या सगळ्या बॅगा असतील. आणि तिथून सें-लाझार मेट्रोच्या १४ नंबरने थेट आहे, मधे बदलावं लागत नाही. नव्या लाइनवर लिफ्टही आहेत.